बदली

आमच्या घरात ‘बदली’ हा शब्द आज्यापासून आहे. आजा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार. बाप विरारच्या टॉवरखाली वॉचमन, पण तोही पक्का नाही. दुसरा वॉचमन गावाला गेला की ह्याला बोलावणं येतं. सिक्युरिटीवाले त्याला ‘रिलिव्हर’ म्हणतात. आणि मी रात्री वसई पूर्वेच्या कापड कारखान्यात लूमवर असतो, दुपारी नालासोपाऱ्याच्या एका खाजगी शाळेत बदली शिक्षक असतो. शब्द सुधारत गेला. माणूस तिथंच राह्यला.

मित्रांनो, हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्यातले कितीतरी पोरं-पोरी आज अशाच नोकऱ्या करतात. कुणी तासिकेवर, कुणी मानधनावर, कुणी नुसतं ‘उद्या येऊन जा’ एवढ्यावर. शिकल्यावर मास्तर व्हावं हे आपल्या वस्तीतलं जुनं स्वप्न. ते स्वप्न आता रोजंदारीवर लागलंय. म्हणून ह्यावर बोललं पाहिजे.

आजा सांगायचा, भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोण आलं नाही, त्यावर आपला दिवस. कुणी तापानं पडला तर आपल्या घरी चूल पेटायची. कुणाची आई गेली तर आपल्याला हप्ताभर काम. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कार्डाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड द्यायचं, मग कार्डवाल्यानं रोज सकाळी हजर व्हायचं. काम मिळेलच असं नाही, पण हजर व्हायचंच. आता बघा, एवढ्या मोठ्या गिरणीत रोज काही माणसं गैरहजर राहणारच. मालकाला ते माहीत. म्हणजे वरच्या माणसांची गरज रोजची, बारा महिन्यांची. काम पक्कं. माणूस तेवढा कच्चा ठेवायचा.

त्यातही आपल्याला आणखी एक कुंपण होतं. साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याला चालत नव्हता. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आज मी लूमवर आहे. आमच्या लूमला आता धोटाच नाही. पण मीही ठेकेदाराच्या कागदावर आहे, मालकाच्या नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा हीही मागणी होती. आजा त्यात होता. संप मोडला, गिरण्या एकेक करून गेल्या, लालबाग-परळची माणसं पांगली. आम्ही असंच सरकत सरकत विरार लायनीला येऊन पडलो.

आता शाळेचं सांगतो.

मी दहावीनंतर शाळेबाहेर. पुढचं सगळं वाचनालयात, फुटपाथवरच्या पुस्तकांत आणि मित्रांच्या वादावादीत झालं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.ए. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचून काढलं. डी.एड. नाही, टीईटी नाही. तरी एका शाळेनं बोलावलं, कारण एक बाई बाळंतपणाला गेल्या होत्या आणि दिवसाला अडीचशे रुपयांत दुसरं कुणी येईना. २०२४ च्या पावसाळ्यात लागलो. सकाळी आठला पाळी सुटते. साडेआठ-नऊला घरी, चार घास खाऊन झोप, साडेअकराला आई हलवून उठवते. साडेबाराला दुपारची शाळा भरते. कानात लूमचा आवाज अजून चालूच असतो.

बदली शिक्षकाला मस्टर नसतं. त्याच्यासाठी वेगळी वही असते, मागच्या पानापासून सुरू केलेली. वेळापत्रकात त्याचं नाव नसतं. रजेवरच्या बाईंच्या नावाखाली तो शिकवतो. खडू मोजून मिळतात. पुस्तक मागितलं तर ‘पोराचं घ्या’ म्हणतात. सहीच्या कागदावर एक आकडा, हातात दुसरा. तोही महिन्याच्या महिन्याला नाही. रविवार कापले, दिवाळी कापली. फोन रात्री नऊला येतो, मी कारखान्यात असतो, आवाजात ऐकू येत नाही. बाहेर येऊन लावावा तर पलीकडून, ‘अहो उद्या नको, परवा या.’ आजा निदान गेटवर उभा राहून बघू शकत होता, आत जायला मिळतं की नाही. आमचं गेट खिशात आहे. कधी उघडेल सांगता येत नाही.

आणि पोरं? पहिल्या दिवशी सातवीच्या वर्गात गेलो तर हजेरीलाच नावं बदलून ‘हजर सर’. एकाच्या नावावर दुसरा उठतो, सगळा वर्ग हसतो. मी विचारलं, कुठला धडा चालू आहे? चार धड्यांची नावं आली. मग मागच्या बाकावरून एकानं सरळ विचारलं, “सर, तुम्ही कायम हाय का बदली?”

म्हटलं, बदली.

“मग जाऊ द्या ना सर. तुम्ही बसा. आम्ही गप बसतो.”

राग यायला पाहिजे होता. आला नाही. त्या वर्गानं वर्षभरात चार जण बघितले होते. एक गणिताचा सर क्लासेसला जास्त पैसे म्हणून गेला, एकीचं लग्न झालं, एकाला पगारच मिळाला नाही. पोरांनी हिशेब काढला होता, की हा माणूस जाणार, मग ह्याच्यापुढं मन कशाला मोकळं करा. शिकवणारा सारखा बदलत राह्यला की पोरगं शिकणं राखून ठेवतं. आपण त्याला मस्तीखोर म्हणतो. ते शहाणपण असतं, महागात पडणारं.

ह्या वर्गातली पोरं कुठली? धानिवबाग, संतोष भुवन, डोंगराच्या पायथ्याच्या चाळी. कुणाचे आईबाप मराठवाड्यातून दुष्काळानं हाकललेले, कुणाचे कोकणातले, कुणी इथलेच वारली, कुणी उत्तरेकडचे भैये म्हणून हिणवले गेलेले आणि तरी पोराला मराठी शाळेत घातलेले. बाप नाक्यावर उभा, आई चार घरची भांडी. २००९ साली इथं महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. पाट्या बदलल्या. पाऊस पडला की पोरं अजून गुडघाभर पाण्यातूनच शाळेत येतात.

तोच मागच्या बाकावरचा पोरगा. सातवीत, पण वाचता येत नव्हतं. वही उघडी ठेवायचा, नुसता अक्षरांची चित्रं काढायचा. मी विचारलं, काहीच वाचता येत नाही? म्हणाला, “टेशनचं नाव येतं.” फळ्यावर लिहायला लावलं. त्यानं लिहिलं, नालासोपारा. बघून बघून पाठ झालेलं, पण बरोबर. मग मी ते तोडलं. ना, ला, सो, पा, रा. पाच अक्षरं तुझ्याजवळ आहेतच, आता त्यांची अदलाबदल कर. त्यानं नाला केला. पाला केला. सोना केलं. सोपा केलं. वर्ग ओरडायला लागला, सर पारा, सर पाना! शेवटी त्यानं नारा लिहिलं आणि विचारलं, “नारा म्हंजे मोर्च्यातला?” म्हटलं, तोच. म्हणाला, “मग जय भीम कसं लिव्हायचं?”

त्या दिवशी नऊ अक्षरं झाली. आठ दिवसांत तो दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. पंधरा दिवसांनी मला रिक्षाच्या मागचं वाचून दाखवलं, ते इथं छापता येणार नाही.

शेकडेवारी पण अशीच झाली. पुस्तकातला शेठ नफा-तोटा करत होता, पोरांना काही देणंघेणं नव्हतं. मी विचारलं, नाक्यावर आईची मजुरी सातशे ठरली आणि मुकादमानं सत्तर खाल्ले तर शेकडा किती? पाठीमागून उत्तर आलं, “धा टक्के. पण आमच्याकडं शंभर खातो.” मग शंभराचे किती, हे त्यांनीच काढलं. सगळ्या वर्गाला ते गणित आलं. बदली शिक्षकाच्या आयुष्यात असे तास येतात. त्या तासाला झोप, अडीचशे रुपये, मोठ्या बाईंचं तोंड, काही आठवत नाही.

पण स्टाफरूममध्ये परत यावं लागतं. तिथं माझी खुर्ची नाही. जो तासावर गेला त्याच्या खुर्चीत बसायचं, तो आला की उठायचं. पहिल्या हप्त्यात एका सरांनी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात कुठल्या बाजूला. आपल्याला हे विचारणं पाठ आहे. उत्तर मिळाल्यावर ते नुसतं ‘अच्छा’ म्हणाले. डिसेंबरात मोठ्या बाईंनी सांगितलं, सहा तारखेचं भाषण तुम्ही करा, तुमचा विषय आहे. मी विचारलं, शिवाजी महाराजांवर कोण बोलणार? ते ठरलेलं होतं. विज्ञान दिनाला? तेही ठरलेलं होतं. म्हणजे बदलीवाल्याला एक दिवस कायम मिळाला. मी भाषण केलं. बाबासाहेब फक्त माझा विषय नाहीत, ह्या वर्गात ज्याला ज्याला बाकावर बसायला मिळालंय त्या सगळ्यांचा विषय आहेत, एवढंच बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्टाफनं चहा मागवला.

त्या रात्री लूमवर एक गोष्ट सारखी डोक्यात फिरत होती. बाबासाहेबसुद्धा कच्च्या नेमणुकीवर शिकवत होते. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले. नेमणूक तात्पुरती. कोलंबियाला शिकून आलेला माणूस. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी फार दाद दिली नाही. पुढं त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजची पोरं येऊन बसायला लागली. आणि स्टाफरूमच्या माठातलं पाणी त्यांनी प्यायचं नाही, म्हणून काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. तात्पुरत्या नोकरीतही विटाळ पक्का. ह्याच नोकरीत असताना, ३१ जानेवारी १९२० ला, ‘मूकनायक’ निघाला. सरकारी कॉलेजात नोकरी, म्हणून संपादकाचं नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. त्याच वर्षी बाबासाहेब पैसे जमवून पुन्हा लंडनला गेले. मला ह्यातलं काय भावतं? त्यांनी त्या खुर्चीला जीव चिकटवला नाही, आणि ती खुर्ची आपल्याला देऊन कुणी उपकार केलाय असंही मानलं नाही. दिवसाची नोकरी केली आणि तिच्या आडून मुक्यांचा कागद काढला.

आपल्या वळणाचा दुसरा एक मास्तर आठवतो. नारायण सुर्वे. गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, सातवी पास होऊन त्याच महापालिकेच्या शाळांत शिक्षक झाले. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ आलं. शिपायाचा मास्तर व्हायला तेव्हा एक परीक्षा आणि एक पक्की जागा होती. आज परीक्षा चार आहेत, जागा नाही.

बाई बाळंतपणावरून लवकर परत आल्या. कायद्यात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यांना दहा आठवडे मिळाले, तेही बिनपगारी. तान्हं पोर सासूजवळ ठेवून त्या आल्या. मला वाटलं होतं त्या कायम आहेत. बोलताना कळलं, त्यांच्याजवळही नेमणुकीचं पत्र दर जूनचं, एप्रिलअखेर संपणारं. म्हणजे मी त्यांचा बदली आणि त्याही कुणाच्या तरी जागेवर कच्च्याच. स्टाफरूममध्ये आम्ही दोघं एकमेकांकडं जागा खाणारा म्हणून बघत होतो. आज्यानं हेच सांगितलं होतं. मालक पक्क्याला बदलीचं भय दाखवतो आणि बदलीला पक्क्याची खुर्ची दाखवतो. दोघं एकमेकांकडं बघत राहिले की त्याच्याकडं कुणी बघत नाही.

शाळेनं मला सोडलं नाही. वर्गच इतके रिकामे की आज पाचवी, उद्या आठवी. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान, त्याआधी बरेच शिक्षक निवडणुकीच्या कामाला. दोन वर्ग एकत्र करून सत्तर पोरांसमोर मी. लूमचा एक धागा तुटला तर मशीन आपोआप थांबते, मला जाऊन गाठ मारावी लागते. इथं पोरगं तुटतं, कुठली मशीन थांबत नाही.

आता थोडं कायद्याचं. कार्यकर्त्यानं हे तोंडपाठ ठेवावं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. पाचवीपर्यंत तीस पोरांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवी पस्तीस पोरांमागं एक. कलम २३ म्हणतं, शिक्षक ठरलेल्या पात्रतेचाच पाहिजे. म्हणजे आमच्या चाळीतल्या पोरांना शिकलेला, तयार झालेला मास्तर मिळणं हा हक्क आहे, आणि माझ्यासारख्याला अडीचशे रुपयांत उभं करून शाळा तो हक्क मोडते. कलम २६ म्हणतं, सरकारी आणि अनुदानित शाळेत मंजूर पदांपैकी शेकडा दहाच्या वर जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत.

आणि व्यवहार काय? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला महिना तीन हजार, तीन वर्षं. नाव किती गोड, सेवक! २०२३ पासून ते मानधन सोळा हजार झालं. २०२३ च्या जुलैत शासनानं ठरवलं, जिल्हा परिषदेच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक महिना वीस हजारांवर घ्यायचे. ज्याचं आयुष्य शिकवण्यात गेलं त्याला परत बोलवायचं, आणि डी.एड. झालेला पोरगा डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन विरार-नालासोपारा फिरतोय. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं, की खेड्यातल्या शाळेला मास्तर शेतकऱ्यांच्या वर्गातलाच, नीट तयार केलेला पाहिजे. आज आपल्या वर्गातला मास्तर आलाय. पण कधी आलाय? जागा रद्द झाल्यावर, बदलीवर.

मित्रांनो, आता जरा आपल्या घरातलं बोलतो. वस्तीवस्तीत आपण अभ्यासिका चालवतो. विहारात संध्याकाळी पोरं बसवतो, फुकट शिकवतो. चांगलंच आहे, चालू ठेवा. पण एक विचारा. शाळेत शिक्षक नाही म्हणून आपण शिकवतो, आणि आपण शिकवतो म्हणून शाळेत शिक्षक नाही याची ओरड होत नाही, असं तर होत नाही ना? आपण सरकारचे बिनपगारी बदली तर झालो नाही ना? ह्याच वसई तालुक्यात वीटभट्टीवरच्या मजुरांच्या पोरांसाठी १९९० नंतर विधायक संसदेनं भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. तिथं पोरं दिसली, मोजली गेली, सरकारला नाही म्हणता येईना. अभ्यासिका अशी पाहिजे. शिकवा, पण त्याच वहीत लिहा, ह्या पोराला शाळेत किती महिने गणिताचा शिक्षक नव्हता.

सोपाऱ्याला आपला स्तूप आहे, बुरुड राजाच्या कोटात. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या आदेशाचे तुकडे ह्याच भागात सापडले. एका रविवारी मी सातवीतली सहा पोरं घेऊन गेलो. शाळेची सहल नव्हे, आमची आम्ही. तिथं बसून त्यांना पूर्णाची गोष्ट सांगितली. हा शूर्पारकचा व्यापारी भिक्खू झाला आणि शिकवायला निघाला. बुद्धांनी विचारलं, तिथले लोक आडमुठे आहेत, शिव्या दिल्या तर? तो म्हणाला, मी म्हणेन, हाणलं नाही, हे चांगलं. हाणलं तर? म्हणेन, दगड मारले नाहीत. अशी ती गोष्ट जिवावर येईपर्यंत जाते. पोरगा म्हणाला, “सर, तुमच्यासारखं. पगार दिला नाय, पण काढलं तर नाय.” सगळे हसले, मीही हसलो. मग सांगितलं, की पूर्णानं सहन केलं ते स्वतः ठरवून. कुठल्या संस्थाचालकानं त्याच्याकडून ते लिहून घेतलं नव्हतं. शिकवायला जायचं धैर्य पूर्णाकडून घ्या. पण आपली सहनशक्ती हा मालकाचा नफा होऊ देऊ नका.

म्हणून आता कामाचं. एक, आपापल्या वस्तीतल्या सरकारी आणि अनुदानित शाळांची यादी करा. माहितीच्या अधिकारात, कायदा २००५ चा, अर्ज टाका: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून. दहा रुपयांचा अर्ज आहे, चहाला जातात तेवढे. दोन, कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आईबाप पाहिजेत आणि समितीत निम्म्या बाया. आपल्या आयांना त्या समितीवर बसवा. नाक्यावर मुकादमाशी हुज्जत घालणारी बाई मोठ्या साहेबाला ऐकत नाही. तीन, तुमच्यात जे तासिकेवर, मानधनावर, बदलीवर शिकवतात त्यांनी एकत्र बसा. आणि पक्क्यांना दुष्मन समजू नका, त्यांनाही बोलवा. १९८२ ला गेटच्या आतले आणि गेटवरचे एकत्र बाहेर पडले होते. हरले, पण एकमेकांच्या विरुद्ध हरले नाहीत.

मी शिकवायचं सोडणार नाही. बोलावलं तर जाईन, आणि गेल्यावर जीव लावूनच शिकवीन, कारण समोर बसलेलं पोरगं बदली नसतं. त्याचं सातवीचं वर्ष एकदाच येतं. पण माझी मागणी अशी आहे की माझी गरजच पडू नये. त्या वर्गावर नीट तयार झालेला, पुऱ्या पगाराचा, जूनला आलेला आणि पुढच्या जूनलाही असणारा माणूस पाहिजे. तो आपल्यातला असला तर उत्तमच. नसला तरी पक्का पाहिजे.

जय भीम.